खाल्लेलं अंगी का लागत नव्हतं

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

नोव्हेंबर हा स्वादुपिंडाच्या कर्करोगाबद्दल जागृती करण्याचा महिना, म्हणून आपल्या दैनिकात परवा लेख आला. कावीळ, पोटातून पाठीत उतरणारं दुखणं, उतारवयात एकाएकी सुरू झालेला मधुमेह, घटणारं वजन ही लक्षणं त्यात व्यवस्थित दिली आहेत. लेख निदानापाशी संपतो. आमच्या घरात मात्र प्रश्न तिथूनच सुरू झाला, आणि तो रोज सकाळी शेगडीपाशी उभं राहिलं की पडायचा: आज यांना खायला काय द्यायचं? त्याबद्दल मला जे उशिरा कळलं ते दुसऱ्या कुणाला लवकर कळावं म्हणून लिहिते आहे. पत्र लांबेल, क्षमा असावी.

मी कराडला बावीस वर्षं खानावळ चालवते. इंजिनिअरिंगची मुलं, बदलीवर आलेले बँकेतले लोक, दवाखान्यात पेशंटपाशी राहणारे नातेवाईक, असे साठ-पासष्ट डबे रोज जातात. आमचे मालक एस.टी.च्या आगारात मेकॅनिक होते, २०१९ साली निवृत्त झाले. गळ्यात माळ, दरवर्षीची वारी. २०२३ च्या आषाढीला पंढरपूर करून आले ते अंग खाजवतच आले. उन्हानं, घामानं झालं असेल असं आम्ही धरलं. आठवड्याभरात डोळे पिवळे दिसायला लागले. लघवी कोऱ्या चहासारखी गडद आणि संडास शाडूच्या मातीसारखी पांढुरकी.

आमच्याकडे कावीळ म्हटली की आधी झाडपाल्याचं औषध आणि पथ्य. तेल बंद, तूप बंद, मीठ नावाला, आणि उसाचा रस जितका पोटात जाईल तितका. मी दिवसाला चार-चार पेले रस दिला. वीस दिवस असे गेले. शेवटी एका तरुण डॉक्टरांनी रक्त तपासलं तेव्हा साखर ३८० निघाली. त्याआधी त्यांना मधुमेह कधीच नव्हता. पुढे सोनोग्राफी, मग सीटी स्कॅन. स्वादुपिंडाच्या डोक्याशी, जिथून पित्ताची नळी आतड्यात उतरते तिथेच गाठ होती आणि तिनं ती नळी दाबून धरली होती. दुर्बिणीतून स्टेंट बसवला तशी कावीळ उतरली. पण गाठीनं मोठ्या रक्तवाहिनीला वेढलं होतं, त्यामुळे ऑपरेशन होणार नाही, केमो घ्यायची, असं ठरलं.

वारीला निघताना त्यांचं वजन ६७ किलो होतं. ऑगस्टअखेर ५९. दिवाळीला ५२. डिसेंबरच्या पहिल्या रविवारी ४९. हे आकडे मला पाठ आहेत, कारण धान्य मोजायच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर दर रविवारी सकाळी त्यांना उभं करून मी ते भिंतीवरच्या दिनदर्शिकेत लिहीत होते. येणारा-जाणारा प्रत्येक जण म्हणायचा, कॅन्सर माणसाला आतून खातो, त्याला कोण काय करणार. मीही तेच धरून बसले होते. साठ माणसांना रोज जेवू घालणाऱ्या बाईच्या घरात एक माणूस वाळत चालला होता, आणि मी त्याला नशीब म्हणत होते.

नशीब एवढंच त्याचं कारण नव्हतं. ते मला कसं कळलं ते सांगते, आणि सांगताना संडास हा शब्द पुन्हा पुन्हा येणार आहे. वाचणाऱ्यांना अवघडल्यासारखं होईल. पण आमचे चार महिने या अवघडलेपणातच गेले.

मालक कधी नव्हे ते स्वतः संडास धुवायला लागले होते. मला वाटलं, आजारी माणूस, वासाची लाज वाटत असेल. एक दिवस नळाला पाणी नव्हतं, त्यांनी आतून बादली मागितली, म्हणून मी गेले. तीन बादल्या ओतल्या तरी खाली जाईना. पिवळट, चिकट, तरंगणारं, आणि पाण्यावर तेलाचा थर. मिसळीच्या कटावर किंवा आमटीवर जसा तवंग येतो, अगदी तसा. जन्म तेला-तुपात गेलाय माझा, तवंग मला ओळखू येतो. मी सकाळी भातावर घातलेलं तूप संध्याकाळी जसंच्या तसं बाहेर पडत होतं.

मी त्यांना विचारलं, "अहो, हे किती दिवसांपासून?"
"लई दिवस झाले," ते म्हणाले. "तुला काय सांगायचं असलं."

केमोच्या वॉर्डात सांगितलं तर उत्तर मिळालं की केमोनं पोट बिघडतंच. जुलाब थांबवायची गोळी दिली आणि जेवणानंतर घ्यायला एक गोड, गुलाबी पाचक सिरप. मी त्या कुणावर राग धरत नाही. एका डॉक्टरच्या पुढ्यात शंभर माणसं बसलेली असतात. पण त्या सिरपच्या बाटलीवर जी दोन नावं होती, एक पिठूळ पदार्थ पचवणारं आणि एक प्रथिनं पचवणारं, त्यात चरबी पचवणारं काहीच नव्हतं, हे मला नंतर दुसऱ्या माणसानं दाखवून दिलं.

तो दुसरा माणूस म्हणजे मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयातली आहारतज्ज्ञ, माझ्या मुलीच्या वयाची. आम्ही तिथं दुसरं मत घ्यायला गेलो होतो. डॉक्टरांनी केमो तीच ठेवा म्हटलं आणि जाता जाता तिच्या खोलीत पाठवलं. मी डायरी काढून काय काय खाऊ घालते ते वाचायला सुरुवात केली. तिनं मला थांबवलं आणि थेट त्यांना विचारलं, "काका, संडासला कसं होतं? पाण्यावर तरंगतं का? धुतल्यावर जातं का?" चार महिन्यांत हा प्रश्न विचारणारी ती पहिली. त्यांनी मान खाली घातली आणि सगळं सांगितलं.

मग तिनं कागदावर चित्र काढून समजावलं. स्वादुपिंड इन्सुलिन बनवतं हे लोकांना ठाऊक असतं. पण त्याचं दुसरं काम म्हणजे पाचकरस बनवून आतड्यात सोडणं. चरबी फोडणारं लायपेज, पिठूळ पदार्थांसाठी अमायलेज, प्रथिनांसाठी प्रोटीएज. गाठ नळी अडवते, ग्रंथी सुकत जाते, रस आतड्यात पोचत नाही. मग तूप घाला, दूध द्या, शेंगदाणे कुटून द्या, ते नुसतं वाहून जातं. पोट फुगतं, कळा येतात, वजन उतरतं, आणि चरबीबरोबर अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वंही निघून जातात. पित्ताची नळी उघडी केली म्हणून हे आपोआप सुटत नाही. कॅन्सर स्वतःही शरीर झिजवतो, भूक मारतो, हे तिनं लपवलं नाही. पण झिजण्याचा हा जो वाटा पचनाचा आहे, त्यावर औषध आहे, असं ती म्हणाली.

औषध म्हणजे पॅनक्रिएटिनच्या कॅप्सूल. बाहेरून आणलेला तोच पाचकरस, बारीक दाण्यांच्या रूपात. दाण्यांवर असं आवरण असतं की ते पोटातल्या आम्लात टिकावेत आणि आतड्यात गेल्यावर विरघळावेत. यात नवीन काही नाही. माझी भाची इंग्लंडमध्ये परिचारिका आहे, तिला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, मावशी, इकडे 'नाइस' नावाची जी राष्ट्रीय संस्था उपचारांचे नियम घालून देते, तिनं २०१८ सालीच लिहून ठेवलंय की ज्यांचं ऑपरेशन होऊ शकत नाही अशा स्वादुपिंडाच्या कॅन्सरच्या रुग्णांना या कॅप्सूल देऊ कराव्यात, आणि ज्यांचं ऑपरेशन होणार आहे किंवा झालं आहे त्यांच्यासाठीही विचार करावा. मग कराडपर्यंत यायला हे एवढं साधं वाक्य का अडलं?

पण लिहून देण्याआधी त्या मुलीनं पेन खाली ठेवलं आणि म्हणाली, "काका, तुमच्या गळ्यात माळ आहे. हे औषध डुकराच्या स्वादुपिंडापासून काढतात. सांगितल्याशिवाय मी लिहून देणार नाही." खोलीत कुणी काही बोललं नाही. मालकांनी एवढंच विचारलं, "त्याच्यासाठी जनावर मारत्यात का?" ती म्हणाली, मांसासाठी मारलेल्या जनावराच्या ग्रंथी त्यासाठी वापरतात. शाकाहारी म्हणून जी पाचक औषधं मिळतात ती या कामाला पुरी पडत नाहीत, हेही तिनं सांगितलं. आम्ही कॅप्सूल न घेता गाडीत बसलो.

ते दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी पूजा झाल्यावर म्हणाले, "आण. औषध हाय, जेवण न्हवं." त्यांनी घेतलं म्हणून दुसऱ्यानं घ्यावं असं मी म्हणणार नाही. वॉर्डात आमच्या शेजारच्या खाटेवरच्या आजोबांनी नको म्हटलं, तो त्यांचा अधिकार. आपल्याकडे किती तरी घरांत हा प्रश्न येणार, वारकऱ्यांच्या येणार, जैनांच्या येणार, मुसलमानांच्या येणार. तो त्या माणसापुढे ठेवला पाहिजे आणि त्याला त्याच्या देवाशी, त्याच्या वडीलधाऱ्यांशी बोलून ठरवायला दोन दिवस दिले पाहिजेत. न सांगता देणं जसं वाईट, तसंच हा माणूस नाहीच म्हणणार असं स्वतःच धरून औषधाचं नावच न काढणंही वाईट.

आता आमच्या चुका सांगते, कारण कॅप्सूल आणून पहिले दहा दिवस काही फरक पडला नाही. बाकीच्या गोळ्यांसारखी आम्ही ती जेवण झाल्यावर पाण्याबरोबर देत होतो. जेवण पुढं निघून गेल्यावर रस मागून जाऊन काय करणार? ती पहिल्या घासाबरोबर घ्यायची, आणि दोन असतील तर दुसरी जेवणाच्या मध्यावर. चावायची नाही. कॅप्सूल गिळवत नव्हती तेव्हा मी ती उघडून दाणे गरम आमटीत ढवळले, तेही चूक, उष्णतेनं औषध वाया जातं. उकडून गार केलेल्या सफरचंदाच्या गरात किंवा तसल्याच मऊ, किंचित आंबट पदार्थात दाणे मिसळून, लगेच, न चावता गिळायचे आणि वर पाणी प्यायचं. नुसत्या कोऱ्या चहाला लागत नाही, पण दुधाच्या पेल्याला लागते, लाडवाला लागते. डबी मी सवयीनं ओट्यावर मिठाच्या बरणीशेजारी ठेवली होती. शेगडीच्या धगीत ती ठेवायची नसते, २५ अंशांच्या आत राहायला हवी. मग मागच्या खोलीतल्या कपाटात हलवली.

आम्हाला २५ हजार युनिटच्या कॅप्सूल दिल्या होत्या. जेवणाला दोन, मधल्या खाण्याला एक. महिन्यानं जेवणाच्या तीन केल्या, कारण तवंग थोडा शिल्लक होता. प्रत्येकाचं प्रमाण वेगळं असतं, ते डॉक्टरांनीच ठरवायचं. पण संडासकडे बघून आपल्याला सांगता आलं पाहिजे की पुरतंय की नाही.

आणि पुरलं. फेब्रुवारीच्या दुसऱ्या रविवारी काट्यावर ५१ किलो ८०० ग्रॅम. पोटाचा फुगारा गेला. रात्री तीनदा उठणारा माणूस सलग झोपायला लागला. केमोची तारीख अशक्तपणामुळे दोनदा पुढे गेली होती, ती पुन्हा पुढे गेली नाही. एका संध्याकाळी ते आगारात जाऊन जुन्या सोबत्यांबरोबर तासभर बसून आले, परत येताना प्रीतिसंगमावर जाऊन नदीला हात जोडून आले. कॅप्सूलनं कॅन्सर बरा होत नाही, तो झाला नाही. पण ते तीन-साडेतीन महिने आम्हाला मिळाले ते माणसासारखे मिळाले.

पथ्याबद्दल मला पोटतिडकीनं बोलायचं आहे. आपल्याकडे आजारी माणसाला भेटायला येणारा माणूस रिकाम्या हातानं येत नाही आणि पथ्य सांगितल्याशिवाय जात नाही. साखर म्हणजे कॅन्सरचं खाद्य, बंद करा. तूप जड, बंद करा. दूध बंद. एकवीस दिवस नुसत्या गव्हांकुराच्या रसावर ठेवा. गुळवेलीचा काढा सकाळ-संध्याकाळ. मोबाइलवर रोज एक नवा उतारा. सगळ्यांच्या सांगण्यात माया होती, त्याबद्दल मला शंका नाही. पण सगळ्यांचं ऐकलं असतं तर ताटात काय उरलं असतं? त्या मुलीनं सांगितलं की अन्न तोडलं तर शरीर स्वतःचे स्नायू मोडून साखर तयार करतं. उपास कॅन्सरला घडत नाही, माणसाला घडतो. गुळवेलीनं यकृताला इजा झालेले रुग्ण मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ साली नोंदवले होते आणि आयुष मंत्रालयानं त्यावर हरकत घेतली होती, हेही मी वाचलं. त्या वादाचा निवाडा मी करू शकत नाही. पण ज्याची कावीळ नुकतीच स्टेंट घालून उतरवलीय, त्याला डॉक्टरांना न विचारता कुठलाही काढा द्यायचा नाही, एवढं मी ठरवलं.

तूप मी पुन्हा सुरू केलं. कॅप्सूल घेत असताना तूप-तेल तोडायची गरज नाही, उलट कमी घासांत जास्त ताकद त्यातूनच मिळते. सकाळी मऊ भात, तूप, मेतकूट. पेलाभर दुधात दोन चमचे दूध पावडर ढवळून. अंडं ते खात नव्हते, म्हणून पनीर हातानं कुस्करून, मुगाच्या डाळीचं धिरडं, घट्ट दही, दाण्याचं कूट. शरीराच्या दर किलोला सव्वा ते दीड ग्रॅम प्रथिनं पोटात जावीत असा तिचा हिशेब होता, म्हणजे त्यांना दिवसाला साठ-सत्तर ग्रॅम. डाळ-भाताच्या घरात ते सोपं नाही, मोजून बघितल्याशिवाय कळत नाही. भाकरी त्यांच्या जिवाची, पण जाडंभरडं थोड्यावर पोट भरवतं, म्हणून चतकोर, दुधात चुरून. एकादशी त्यांनी सोडली नाही. मीही आग्रह केला नाही. राजगिऱ्याचा लाडू आणि दूध, बरोबर कॅप्सूल.

ताट मी बंदच केलं. भरलेलं ताट बघूनच त्यांना उमासे यायचे. बशीतून, दोन-अडीच तासांनी, थोडं थोडं. खानावळीच्या फोडणीच्या वासानं मळमळायचं, म्हणून त्यांची खाट माडीवर हलवली आणि त्यांचं खाणं मी गरमागरम न नेता कोमट करून न्यायला लागले, त्याला वास कमी येतो. केमोनंतर तोंडाला कळकल्यासारखी चव यायची, कल्हई गेलेल्या पितळी भांड्यात ताक ठेवल्यावर येते ती. स्टीलचा चमचा बदलून लाकडी दिला, आमसुलाचं सार दिलं, ते तेवढं गोड लागायचं. त्यांच्या केमोत ऑक्सालिप्लाटिन होतं. त्या औषधानंतर चार-पाच दिवस गार काही सोसत नाही. सकाळच्या स्टीलच्या तांब्याला हात लावला तरी बोटांत सुया टोचायच्या, गार पाण्याचा घोट घेतला की घसा आवळल्यासारखा व्हायचा. मला हे आधी कुणी सांगितलं असतं तर पहिल्या वेळी मी त्यांना फ्रिजमधलं ताक दिलं नसतं.

साखरेचं वेगळंच. आधी आम्ही मधुमेहाचं कडक पथ्य पाळलं, भातसुद्धा बंद. पण हा मधुमेह स्वादुपिंडच बिघडल्यामुळे आलेला. माणूस वाळत असताना त्याचं खाणं तोडून साखर खाली आणण्यापेक्षा खाणं चालू ठेवून त्याप्रमाणे इन्सुलिन बसवायचं, असं नंतरच्या डॉक्टरांनी सांगितलं. ही साखर घसरतेही फार झटकन, कारण ती वर आणणारं ग्लुकॅगॉनसुद्धा त्याच ग्रंथीतून येतं. एकदा पहाटे तीनला घामानं भिजून उठले, मोजली तर ५२. साखरपाणी दिलं. त्या दिवसापासून उशाशी साखरेची डबी.

चालायला लावलं का? हो. जेवण झालं की दहा मिनिटं अंगणात, आणि दिवसातून दोनदा खुर्चीतून हातांचा आधार न घेता उठायचं-बसायचं, आधी चार वेळा, मग आठ. लिटरच्या पाण्याच्या दोन बाटल्या उचलायच्या. मेकॅनिकचे हात ते. त्यांना ते काम वाटायचं, व्यायाम वाटायचा नाही, म्हणून केलं.

दुखण्याबद्दल थोडंच लिहिते. मॉर्फिनचं नाव काढलं की लोक म्हणतात, आता शेवट आला. आम्हीही एक महिना भिऊन टाळलं, आणि त्या महिन्यात त्यांनी काही खाल्लं नाही, कारण पाठीतून सुरी फिरत असताना कुणाला घास गोड लागेल? दुखणं दबलं तशी भूक परत आली. मॉर्फिननं शौचाला खडा होतो, त्याचं औषध पहिल्या दिवसापासून बरोबर घ्यावं लागतं. वेदना कमी करणारी सेवा, जिला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात, ती शेवटच्या आठवड्यासाठी राखून ठेवायची वस्तू आहे असा आपला समज आहे. मुंबईत वांद्र्याला शांती आवेदना सदन १९८६ पासून आहे, पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र १९९७ पासून. आमच्यासारख्या तालुक्याच्या गावांना ती नावंसुद्धा उशिरा कळतात.

एप्रिलपासून उलट्या सुरू झाल्या. गाठ वाढून जठरातून पुढं जाणारी वाट अरुंद झाली होती. नाकातून नळी घालण्याचं डॉक्टर बोलले तेव्हा मालकांना एकदम मनोहर पर्रीकर आठवले. गोव्याचे मुख्यमंत्री असताना त्यांनाही हाच आजार होता, आणि २०१९ च्या जानेवारीत नाकात नळी असताना ते मांडवीवरच्या पुलाच्या उद्घाटनाला आले, विधानसभेत अर्थसंकल्प मांडला. त्याच वर्षी मार्चमध्ये गेले. मालक म्हणाले, "त्यांच्यापुढं राज्य होतं. माझं काय अडलंय? मला नळी नको." आम्ही ते मानलं.

त्यानंतर मला जे शिकावं लागलं ते सगळ्यात अवघड होतं. थांबणं. मी घास घेऊन मागे लागायचे, दोन चमचे तरी घ्या, माझ्यासाठी घ्या. ते माझ्यासाठी घ्यायचे आणि अर्ध्या तासात सगळं उलटून पडायचं, मग ते माझीच माफी मागायचे. घरी येणाऱ्या नर्सबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं की आता शरीर अन्न मागत नाही. न खाल्ल्यामुळे ते चाललेले नाहीत, ते चाललेत म्हणून खाणं सुटलंय. डिसेंबरात खाणं अंगी लागत नव्हतं त्याला औषध होतं, त्यासाठी धडपडायला हवं होतं. जूनमध्ये ती धडपड त्यांना त्रास देत होती. हे दोन्ही काळ वेगळे आहेत, आणि ते ओळखायला घरच्यांना कुणीतरी मदत केली पाहिजे. शेवटचे बारा दिवस मी त्यांचे ओठ ओल्या कापसानं पुसत होते, आमसुलाच्या पाण्याचे दोन थेंब जिभेवर. तेवढं त्यांना आवडायचं. आषाढीच्या आधी, जूनच्या शेवटी गेले. निदानापासून साडेदहा महिने.

हा आजार कठीण आहे, मला ठाऊक आहे. २०२२ साली जगात सुमारे ५ लाख १० हजार लोकांना तो नव्यानं झाला आणि त्याच वर्षात सुमारे ४ लाख ६७ हजार लोक त्यानं गेले. दोन आकड्यांमधलं अंतर किती कमी आहे ते बघून मी वर्तमानपत्र मिटून ठेवलं होतं. पण एवढ्या थोड्या दिवसांचा आजार असेल तर त्यातले चार महिने न विचारलेल्या एका प्रश्नापायी जाऊ देणं फार महाग पडतं.

माझं मागणं मोठं नाही. जिथे जिथे या रुग्णांना केमो दिली जाते तिथे पहिल्याच दिवशी वजनाबरोबर संडासचा प्रश्न विचारावा, कागदावर छापून ठेवावा, म्हणजे डॉक्टर घाईत असले तरी परिचारिका विचारेल. आहारतज्ज्ञाची भेट निदानाच्या आठवड्यातच व्हावी, वजन पंधरा किलोंनी उतरल्यावर नको. कॅप्सूल कशी घ्यायची याचा एक मराठी कागद असावा, मोठ्या अक्षरांत. आणि सरकारी योजनेतून आमची केमो झाली, त्याबद्दल मी ऋणी आहे, पण या कॅप्सूल आम्हाला पदरच्या पैशानं आणाव्या लागल्या. दिवसाला आठ, पुढे अकरा. माझे डबे चालू होते म्हणून जमलं. आमच्याच वॉर्डात एक ऊसतोडणी कामगार होता, त्याच्या बायकोनं दहा कॅप्सूलची एक पट्टी नेली आणि पुन्हा दुकानात आली नाही.

कराडात किंवा आसपास कुणाच्या घरी हा आजार असेल आणि खाण्याचं विचारायचं असेल तर त्यांनी आपल्या कार्यालयाकडे पत्र द्यावं, मला मिळालं की मी उत्तर लिहीन. दुपारी तीननंतर मला सवड असते. औषधाचं प्रमाण मी सांगणार नाही, ते माझं काम नाही. भात किती मऊ करायचा ते सांगेन.

पत्र कापावं लागलं तर उसाच्या रसाचं कापा, वारीचं कापा, पर्रीकरांचंही कापा. तवंगाचा परिच्छेद तेवढा कापू नका, आणि कॅप्सूल पहिल्या घासाबरोबर घ्यायची हे वाक्य.

आपली,
एक खानावळवाली, कराड
(नाव छापू नये ही विनंती)